धुऱ्यावरची अंबाडी

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन गावे प्रसिद्ध आहेत. एक मुंबई-नागपूर लोहमार्गावरचे चांदूर रेल्वे आणि दुसरे, सातपुड्याच्या दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यात वसलेले चांदूर बाजार. या दुसऱ्या चांदुराच्या भोवतालची जमीन काळी, भारी आणि ओल धरून ठेवणारी आहे. येथे कोणती पिके होतात, असे कोणास विचारले, तर कापूस, तूर, ज्वारी, सोयाबीन आणि विहिरीच्या पाण्यावरील संत्र्यांच्या बागा, एवढी नावे तो एका दमात सांगेल. अंबाडीचे नाव बहुधा त्याच्या ओठांवर येणार नाही. पिकांच्या यादीत तिला कधी मानाचे स्थान मिळालेच नाही. असे असूनही कित्येक पिढ्या वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या ताटातील भाजी अंबाडीची होती, त्याच्या बैलाच्या गळ्यातील दावे अंबाडीचे होते आणि त्याच्या विहिरीवरील मोटेचा दोरही पुष्कळदा अंबाडीचाच होता.

अंबाडीला स्वतःचे वावर क्वचितच लाभले. वावर म्हणजे शेत, हे वऱ्हाडातील मुलांना सांगावयास नको. दोन वावरांमधील जो बांध, त्याला येथे धुरा म्हणतात. कपाशीच्या वावरात धुऱ्याला लागून एकदोन तासे अंबाडीची पेरावयाची, किंवा तुरीच्या बियाण्यात मूठभर अंबाडीचे बी मिसळून ते सरत्याने सोडावयाचे, अशी जुनी रीत होती. पावसाळा संपता संपता ही झाडे पुरुष-दीड पुरुष उंच होत आणि पिवळ्या फुलांची एक भिंतच वावराभोवती उभी राही. तिच्यावरून वावराची हद्द दुरूनही ओळखू येई.

या फुलाकडे नीट पाहिले तर अंबाडीचे गोत्र तत्काळ ध्यानात येते. पाच नाजूक पाकळ्या, तळाशी गडद किरमिजी रंगाचा डोळा आणि मध्यभागी परागकोशांनी भरलेली एक बारीक नळी. अशीच नळी जास्वंदीच्या फुलात असते, भेंडीच्या फुलात असते आणि कपाशीच्या फुलातही असते. ही सर्व एकाच कुळातील भावंडे होत. त्यांतही जास्वंद आणि अंबाडी यांचे नाते अधिक जवळचे आहे. वनस्पतिशास्त्रात ‘हिबिस्कस’ या एकाच प्रजातीत त्यांची गणना होते. जास्वंद देवाला वाहतात, अंबाडी खातात, एवढाच काय तो लोकांच्या दृष्टीने फरक. अंबाडीचे फूल मात्र फार अल्पायुषी. सकाळी उमलते आणि ऊन चढू लागले की मिटू लागते. दुपारी वावरात जाणाऱ्यास ते कोमेजलेलेच दिसावयाचे.

अंबाडी या एकाच नावाखाली दोन निरनिराळ्या वनस्पती वावरतात, हे येथेच सांगून ठेवले पाहिजे. नाहीतर पुढे घोटाळा होईल. पहिली साधी अंबाडी. तिच्या खोडावर बारीक काटेरी लव असते, पाने हाताच्या बोटांप्रमाणे फाटलेली असतात आणि फुलाखालची बोंडे केसाळ व कोरडी असतात. हिचा मुख्य उपयोग वाखासाठी, म्हणजे दोर वळण्याच्या तंतूंसाठी. दुसरी लाल अंबाडी. हिचे खोड व पानांचे देठ तांबूस, अंग बहुधा गुळगुळीत, आणि हिच्या बोंडांभोवती मांसल, लालभडक, आंबट असे वेष्टन असते. पाने दोहोंचीही खातात. लाल अंबाडीची अधिक आंबट लागतात. स्वीडनमधील थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस याने लाल अंबाडीला १७५३ मध्ये व साध्या अंबाडीला १७५९ मध्ये शास्त्रीय नावे दिली. साध्या अंबाडीच्या नावात त्याने ‘भांगेसारखी’ या अर्थाचा शब्द घातला, कारण हिची फाटलेली पाने भांगेच्या पानांसारखी दिसतात. इंग्रज व्यापारी तिला ‘डेक्कन हेंप’ म्हणत. डेक्कन म्हणजे दख्खन. दख्खनच्या वावरांच्या कडेची ही वनस्पती अशा रीतीने परदेशच्या बाजारात आपल्या मुलखाचे नाव मिरवीत होती.

मौज अशी की, ज्या वनस्पतीला दख्खनचे नाव मिळाले ती मुळात येथील नव्हेच. दोन्ही अंबाड्यांचे माहेर आफ्रिका खंडात आहे, असे शास्त्रज्ञ मानतात. तेथून त्या फार प्राचीन काळी भारतात आल्या आणि येथे इतक्या रुळल्या की, प्रत्येक भाषेने त्यांना आपले नाव दिले. आंध्र व तेलंगणात लाल अंबाडीला गोंगूरा म्हणतात आणि तिच्या पानांची चटणी तेथील जेवणाचे भूषण मानली जाते. कर्नाटकात तिचे नाव पुंडी. पूर्व भारतात आणि व्यापाऱ्यांच्या बोलण्यात मेस्टा हे नाव चालते.

आता ही अंबाडी लावतात कशी, ते पाहू. वरवर पाहता यात सांगण्यासारखे काही नाही. मृगाचा पाऊस पडला, जमीन ओली झाली, की बी टोकावयाचे. अर्ध्या इंचापेक्षा फार खोल टाकू नये. चार-सहा दिवसांत कोंब वर येतो. भारी खत लागत नाही, फारशी देखभाल लागत नाही. लहानपणी एकदा-दोनदा निंदण केले की पुढे झाड स्वतःच्या सावलीने तण दाबून टाकते. पाणी मात्र मुळाशी साचून राहता कामा नये. लाल अंबाडीला ते मुळीच सोसत नाही. काळ्या जमिनीत धुऱ्याची जागा थोडी उंच असते, पाणी निथळून जाते. अंबाडीला धुऱ्यावर जागा देणाऱ्यांनी हेही हेरले असावे.

परंतु बी केव्हा पेरावयाचे, या प्रश्नात मोठे मर्म आहे. समजा, एका शेतकऱ्याने अंबाडी जूनच्या अखेरीस पेरली व दुसऱ्याने ऑगस्टच्या अखेरीस पेरली. पहिल्याची झाडे दुसऱ्यापेक्षा दोन महिने आधी फुलतील, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात तसे घडत नाही. दोन्ही वावरांतील झाडे थोड्याच दिवसांच्या अंतराने फुलावर येतात. फरक एवढाच की, पहिल्याची झाडे आठ-दहा फूट उंच झालेली असतात आणि दुसऱ्याची जेमतेम कमरेएवढी.

असे का होते? अंबाडी आपले वय मोजून फुलत नाही, ती दिवस मोजते. नव्हे, दिवसाची लांबी मोजते. चांदूर बाजार हे विषुववृत्ताच्या उत्तरेस एकवीस अंशांहून किंचित पुढे आहे. येथे जूनमधील सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांहून थोडा अधिक असतो, तर डिसेंबरमधील सर्वांत लहान दिवस पावणेअकरा तासांच्या आसपास येतो. दिवस मोठे आहेत तोवर अंबाडी केवळ उंची वाढवीत राहते. सप्टेंबर सरत आला, दिवस आणि रात्र जवळजवळ सारखी झाली, रात्र थोडी थोडी वाढू लागली, की झाडात फुलण्याची तयारी सुरू होते. अशा वनस्पतींना शास्त्रज्ञ अल्पदिन वनस्पती म्हणतात. वऱ्हाडातील शेतकऱ्याला हा शब्द ठाऊक नव्हता. परंतु ‘अंबाडी पहिल्या पावसाची’ हे तो जाणून होता. उशिरा पेरलेल्या अंबाडीला वाढण्यासाठी वेळच उरत नाही, आणि ठेंगण्या झाडाच्या आखूड वाखाचा दोर कोण वळणार?

पेरणीची वेळ ठरली, तरी बी किती दाट टाकावयाचे हे शेतकऱ्याला अंबाडीपासून काय हवे आहे यावर अवलंबून असते. वाख हवा असेल तर झाडे दाट लावतात. दोन तासांत फूटभर आणि दोन झाडांत तीन-चार बोटे अंतर पुरते. दाटीत वाढलेले झाड प्रकाशासाठी सरळ वर धावते, त्याला फांद्या फुटत नाहीत आणि वाख लांबच लांब मिळतो. बोंडे हवी असतील तर नेमके याच्या उलट करावे लागते. तेथे दोन झाडांत दोन-तीन फूट मोकळी जागा सोडावी लागते, म्हणजे झाड चहूकडे फांद्या पसरते आणि प्रत्येक फांदी बोंडांनी लगडते. आणि केवळ भाजीसाठी लावलेल्या झाडाचा शेंडा ते हात-दीड हात उंच झाले की खुडून टाकतात. शेंडा गेला की बगलेतून नवे फुटवे येतात व पुनःपुन्हा कोवळी पाने मिळत राहतात. वाखाच्या झाडाचा शेंडा मात्र चुकूनही खुडावयाचा नाही. परसात चार झाडे लावणाऱ्या मुलांनीही आधी आपणांस काय हवे ते ठरवावे आणि मगच अंतर मोजावे.

भाजी ही अंबाडीची पहिली देणगी. दाट उगवलेली रोपे विरळ करताना जी उपटून निघतात, तीच हंगामातील पहिली जुडी. पाने उकडून पिळून घेतात, कारण पहिले पाणी काढून टाकले नाही तर आंबटपणा दातांना झोंबतो. मग त्यात शिजवलेली डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून घोटतात, चवीला गुळाचा खडा टाकतात आणि वरून लसूण व लाल मिरचीची चरचरीत फोडणी देतात. ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर ही भाजी खाल्लेल्यास तिचे वर्णन वाचण्याची गरज नाही, आणि न खाल्लेल्यास वर्णनाने तिची चव कळणार नाही. भाद्रपदात घरी महालक्ष्म्या येतात, तेव्हा वऱ्हाडातील पुष्कळ घरी पक्वान्नांच्या पंक्तीत ज्वारीची आंबील आणि अंबाडीची भाजी मानाने मांडली जाते. रोजच्या जेवणातील साधी भाजी सणाच्या ताटात अशी अढळ बसलेली क्वचितच दिसते. ही भाजी शिजविण्यास मातीचे किंवा कल्हई केलेले भांडे घ्यावे, हा घरातील वडीलधाऱ्या बायकांचा दंडक असे. तो अगदी सकारण होता. पानांतील आम्ले तांब्यापितळेवर क्रिया करतात आणि अन्न कळकते.

दसरा-दिवाळीच्या सुमारास लाल अंबाडीची बोंडे भरू लागतात. या बोंडांविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. बाजारात ‘अंबाडीची फुले’ म्हणून जी लाल, जाड पाकळ्यांची वस्तू मिळते, ते फूल नव्हे. फूल तर एका दिवसात गळून गेलेले असते. फुलाला खालून धरून ठेवणारी जी वाटी, जिला निदलपुंज म्हणतात, ती फूल गळाल्यावर इतर झाडांप्रमाणे सुकत नाही. उलट फुगते, रसाळ होते आणि आत वाढणाऱ्या बीकोशाला चारही बाजूंनी मिठी मारते. फूल गळाल्यापासून दोन-तीन आठवड्यांत, ती करकरीत असतानाच बोंडे खुडतात आणि आतील हिरवा बीकोश काढून टाकून लाल दले वेगळी करतात. उशीर केला तर दले चिवट होतात. ताज्या दलांची चटणी होते, साखर घालून मुरंबा होतो, पाण्यात उकळून शरबत होते. उन्हात वाळवून ठेवली तर वर्षभर पुरतात.

या दलांच्या लाल रंगाची एक गंमत शाळेतही करून पाहता येण्यासारखी आहे. सुकी दले गरम पाण्यात घातली की पाणी माणकासारखे लाल होते. त्यात लिंबाचा रस पिळला तर ते अधिकच तेजस्वी दिसते. दुसऱ्या पेल्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला, तर तोच लाल रंग पाहता पाहता काळपट निळा-हिरवा होतो. या रंगद्रव्याचा रंग आम्लात एक व अल्कात दुसरा असतो. प्रयोगशाळेतील लिटमस कागदाचे काम हे धुऱ्यावरचे झाड फुकटात करून दाखविते.

लाल अंबाडीचे हे पेय जगात किती दूरवर पसरले आहे, हे पाहून नवल वाटते. ईजिप्त आणि सुदान या देशांत त्याला करकदे म्हणतात व ते गरम आणि थंड दोन्ही प्रकारे पितात. पश्चिम आफ्रिकेत सेनेगलमध्ये त्याचे नाव बिसाप. आफ्रिकेतून गुलाम म्हणून पकडून नेलेल्या माणसांच्या काळात ही वनस्पती अटलांटिक महासागर ओलांडून वेस्ट इंडीज बेटांवर पोहोचली. जमेकामध्ये आज नाताळच्या सणाला आल्याच्या चवीचे हेच लाल पेय लागते. मेक्सिकोत तर या पेयाला जमेकाचेच नाव पडले आहे. ज्यांच्यापासून घरदार, भाषा आणि नावही हिरावून घेतले गेले, त्यांची एक रानभाजी मात्र नव्या भूमीत त्यांच्या सणाची खूण होऊन राहिली.

वाखाची कथा निराळी आहे. तीत कष्ट अधिक आहेत. साधी अंबाडी फुलावर आली की वाखासाठी कापण्याची वेळ झाली, असे समजावे. बी पक्व होईपर्यंत थांबले तर वाख राठ आणि ठिसूळ होतो. लवकर कापले तर तो मऊ असतो, पण दुबळा व थोडा निघतो. बी आणि उत्तम वाख ही दोन्ही एकाच झाडापासून मिळत नाहीत. म्हणून शेतकरी धुऱ्याच्या टोकाची दहा-पाच झाडे बियाण्यासाठी उभी ठेवून बाकीची कापी.

कापलेल्या झाडांच्या पेंढ्या बांधून पाने झडेपर्यंत त्या दोन-चार दिवस वावरातच उभ्या करतात. मग त्या नाल्याच्या किंवा तळ्याच्या पाण्यात नेतात. आधी पेंढ्यांचे बुडखेच तेवढे पाण्यात ठेवतात, कारण बुडखा जाड असतो व त्याला कुजण्यास अधिक दिवस लागतात. नंतर पेंढ्या आडव्या बुडवून वर दगड ठेवतात. वाखाचे तंतू सालीत असतात आणि एका चिकट द्रव्याने काडीला घट्ट जोडलेले असतात. पाण्यातील सूक्ष्म जंतू हे चिकट द्रव्य खाऊन टाकतात आणि तंतू मोकळे होतात. पाणी उबदार असेल तर दहा-बारा दिवसांत काम होते, थंड असेल तर वीस दिवसही लागतात. येथे अनुभवी माणसाची कसोटी असते. एखाद-दुसरा दिवस कमी झाला तर साल काडीला चिकटून राहते. अधिक झाला तर जंतू चिकट द्रव्य संपवून तंतूंवरच तुटून पडतात व वाख कुजतो. म्हणून दहाव्या दिवसापासून रोज एक काडी बाहेर काढून, बुडख्याशी साल सोलून पाहावी लागते. ती सरकन सुटून आली की दुसऱ्या दिवशी सारे घर कामाला लागे. गुडघाभर पाण्यात उभे राहून साल ओढावयाची, पाण्यावर आपटावयाची, धुवावयाची आणि कुंपणावर वाळत घालावयाची. कुजणाऱ्या अंबाडीची दुर्गंधी दूरवर जाते आणि लहान डबक्यातील मासेही मरतात. गुरांच्या पिण्याच्या पाण्यात अंबाडी कधी भिजवू नये. एवढे करून १०० किलो हिरव्या काड्यांतून हाती येतो तो सुमारे ५ किलो वाख. उरलेली काडी पांढरी व हलकी असते. ती चूल पेटविण्यास चांगली.

या वाखाचा दोर वळणे ही एक स्वतंत्र विद्या होती. मूठभर वाख घेऊन त्याला पीळ देत देत एक पदर करावयाचा. असे दोन किंवा तीन पदर झाले की ते एकमेकांभोवती उलट दिशेने पिळावयाचे. पदराचा पीळ उजवा असेल तर दोराचा पीळ डावा. प्रत्येक पदर उलगडू पाहतो, पण त्याच्या उलगडण्यानेच दुसरा पीळ अधिक घट्ट बसतो. जो दोर बैलगाडीचे ओझे पेलतो, त्याचे बळ एकेका तंतूच्या बळापेक्षाही या परस्परविरोधी पिळांत असते. महाराष्ट्रात दोर वळण्याचे हे काम पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः मातंग समाजातील कारागिरांनी केले. वर्षभर शेतकऱ्याला दावी, कासरे, वेसणी, मोटेचा जाड नाडा आणि बारीक सोल पुरवावयाचा आणि सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपाने मोबदला घ्यावयाचा, अशी ती व्यवस्था होती. ती न्याय्य होती असे म्हणता येणार नाही. ज्याच्या दोराशिवाय गावाची एकही मोट चालत नसे, त्याला त्याच गावाच्या विहिरीवर पाणी भरण्याची मुभा नव्हती. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली उभ्या राहिलेल्या प्रत्येक बैलाच्या नाकात नवी वेसण आणि पाठीवर नवा कासरा दिसे. हा वाख आदल्या वर्षीच्या अंबाडीचा असे, कारण पोळा श्रावणाच्या अमावास्येला येतो आणि त्या वेळी धुऱ्यावरच्या नव्या अंबाडीला फूलही आलेले नसते.

एकदा मात्र या दुर्लक्षित पिकाकडे साऱ्या देशाचे लक्ष गेले. १९४७ मध्ये फाळणी झाली, तेव्हा गोणपाटाचा ताग पिकविणारा बहुतेक मुलूख पूर्व पाकिस्तानात गेला आणि गोणपाट विणणाऱ्या गिरण्या कोलकात्याजवळ हुगळीच्या काठी भारतात राहिल्या. गिरण्या आहेत, पण कच्चा माल नाही, असा पेच पडला. तेव्हा तागाच्या बरोबरीने अंबाडीची लागवडही वाढविण्यात आली. कारण तागापेक्षा तिचा वाख राठ असला, तरी तिला तागाइतके पाणी लागत नाही. आंध्रच्या किनाऱ्यावरील भीमुनिपट्टणम बंदरातून या वाखाचा व्यापार पूर्वीपासून चालत असे. त्या बंदराच्या नावावरून त्याला व्यापारी ‘बिमली’ म्हणत. वऱ्हाडात मात्र अंबाडी तेव्हाही धुऱ्यावरच राहिली. येथील काळ्या जमिनीवर कपाशीचे राज्य होते, आणि कपाशी आपल्या भावंडाला वावराच्या मध्यभागी येऊ देणारी नव्हती.

पुढे धुऱ्यावरूनही अंबाडी हटू लागली. विहिरींवर विजेचे पंप बसले आणि मोट बंद झाली. मोटेबरोबर नाडा आणि सोल गेले. बाजारात नायलॉनचा दोर आला. तो स्वस्त, पाण्यात न कुजणारा आणि वळण्याचे श्रम वाचविणारा. त्याला दोष देणे सोपे आहे. परंतु गुडघाभर दुर्गंधीयुक्त पाण्यात उभे राहून ज्यांनी वाख सोलला, त्यांना तो नको वाटला असता तरच नवल! ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले. सोयाबीनचे क्षेत्र वाढले, तणनाशकांची फवारणी सुरू झाली आणि तिच्या तडाख्यातून धुराही सुटेना. मोठे पीक बुडाले तर त्याची नोंद सरकारी कागदात होते, वर्तमानपत्रात बातमी येते. अंबाडीची नोंद मुळी कधी नव्हतीच. म्हणून ती गेली तेव्हा तोट्याचा हिशेबही कोणी मांडला नाही. नायलॉनच्या दोराने वाखाची जागा भरून निघाली, पण पावसाळ्यात धुऱ्यावर फुकट मिळणाऱ्या भाजीची जागा कशाने भरली? ती भाजी आता बाजारातून जुडीने विकत आणावी लागते.

अलीकडे लाल अंबाडीला पुन्हा थोडे दिवस आले आहेत. वाळलेल्या दलांना औषधी चहा व शरबतासाठी शहरांतून मागणी आहे, आणि तीच दले मोठ्या दुकानांत परदेशी नावाच्या आकर्षक डब्यांतूनही विकली जातात. धुऱ्यावर पुन्हा अंबाडी लावणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावयास हवी. ती कपाशीच्या कुळातील असल्यामुळे कपाशीवरची गुलाबी बोंडअळी तिच्यावरही जगते. कपाशीचा हंगाम संपल्यावर अंबाडीची झाडे तशीच उभी ठेवली, तर अळीला पुढील वर्षापर्यंत आयता आसरा मिळतो. म्हणून बी काढून झाले की झाडे उपटून वावर स्वच्छ करावे.

बी काढण्याचीही वेळ साधावी लागते. बोंड पूर्ण वाळले की त्याचे पाच कप्पे आपोआप उकलतात आणि बी जमिनीवर सांडते. त्यापूर्वीच, बोंडे तपकिरी होऊ लागताच ती खुडून पोत्यावर वाळवावी. साध्या अंबाडीच्या बोंडांची लव हातांना टोचते. ती चोळताना हाताला फडके गुंडाळावे. आतील बी करडे, काहीसे मूत्रपिंडाच्या आकाराचे असते. लाल अंबाडी बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळते. त्यामुळे घरच्या बियाण्यातून पुढल्या वर्षी तोच वाण उगवतो, दरवर्षी नवे बियाणे विकत आणावे लागत नाही. जुन्या घरांतून हे बी चुलीची राख मिसळून मडक्यात भरीत, मडक्याचे तोंड फडक्याने बांधीत आणि ते कोरड्या कोपऱ्यात ठेवीत. मृगाच्या पावसापर्यंत ते उघडीत नसत.